फ्रिजवरची यादी

आमच्या फ्रिजच्या दारावर चिकटपट्टीचे चार पिवळे डाग आहेत. खोबरेल तेल लावून घासले तर पाच मिनिटांत निघतील. नवऱ्याला वाटतं, मला वेळ मिळत नाही. एकदा तो स्वतःच फडकं घेऊन उभा राहिला, तेव्हा मी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि त्याला दूध आणायला पाठवलं.

सातपूरला कंपन्यांच्या रस्त्यावर एक औषधांचं दुकान आहे. तिथं काउंटरमागे मी अठरा वर्षं उभी आहे. गोळी देणं हे माझं अर्धंच काम, उरलेलं अर्धं म्हणजे पथ्य सांगणं. ही दुधाबरोबर नको, ही उपाशीपोटी नको, हिच्यावर उन्हात फिरू नका. एका फोरमनला मी त्याच्या साहेबासमोर सांगितलं होतं, "हा कोर्स संपेपर्यंत दारूला हात लावायचा नाही." त्याचा चेहरा पडला, पण माझी जीभ अडखळली नाही. दुकानात मला कोणाचीच भीड वाटत नाही. घरी आले की चपलांबरोबर मी जीभही दाराशी काढून ठेवत असे. माझी आई म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. मी ते ऐकलं, मान डोलावली आणि जन्मभर उलट वागले.

सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. दिंडोरीकडे मळा, द्राक्षाची बाग. ती आता थोरले दीर पाहतात. आयुष्यभर छाटणी केलेला माणूस सातपूरच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन बसला. तिथं कापायला फक्त नखं होती. गॅलरीत खुर्ची टाकून ते शिफ्टच्या बसेस मोजायचे. रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, यांना चालतं ठेवा आणि कशात तरी गुंतवा. त्यावर नवऱ्याने एका रविवारी जाहीर केलं की आपण कुत्रा आणू.

नवऱ्याला अर्थातच दांडगा कुत्रा हवा होता. आमच्या समोरच्या इमारतीत एकाने बर्फातला कुत्रा पाळला आहे. एप्रिलमध्ये ते बिचारं फरशीवर पोट टेकून धापा टाकत असतं आणि मालक त्याचे फोटो काढत असतो. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ते मोल दुसऱ्या कोणाला तरी भरावं लागतं. मी नवऱ्याला म्हटलं, "कुत्रा तुझ्यासाठी नाही, आबांसाठी आहे. आणि त्याला जिन्यावरून ओढत नेणारं माणूस सत्तरीचं आहे." मग जेवणाच्या सुट्टीत मी दहा दिवस वाचत बसले. पगला चपट्या नाकामुळे आपला उन्हाळा सोसत नाही. ते लांबुळकं डाचशुंड तीन मजले चढउतार करून पाठीने जातं. पामेरियन दिवसभर भुंकणार आणि सोसायटीची मीटिंग लागणार. शेवटी शिह त्झू ठरलं. पाच-सहा किलोचं, शांत, माणसाच्या पायाशी बसून राहणारं. ऊन यालाही बाधतं, पण केस बारीक ठेवले आणि सकाळी लवकर फिरवलं की निभतं. त्याचं काम फार, रोज केस विंचरायचे, डोळे पुसायचे, कान बघायचे. मला तेच हवं होतं, आबांच्या हातांना काम.

आबा म्हणाले, "कुत्रं काय घरात ठिवायची चीज हाय का? मळ्यात असतंय कुत्रं." तरी आमच्याबरोबर देवळाली कॅम्पला आले. तिथं एका निवृत्त सुभेदारांच्या पत्नीकडे पिल्लं होती. आम्ही निवड करायला गेलो होतो, आणि त्या बाईंनी आम्हालाच खुर्च्यांवर बसवून परीक्षा घेतली. घरात दिवसभर कोण असतं, पंखा कुठे आहे, जिना किती पायऱ्यांचा. मग माझी पाळी आली. मी पिल्लांचे डोळे पाहिले, हिरड्या दाबून पाहिल्या, कानाचा वास घेतला, चालवून पाहिलं. त्यातलं एक पांढरं-तपकिरी पिल्लू मी उचलून आबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, तोललं आणि म्हणाले, "किलोला पाव कमी भरंल." बाई पहिल्यांदा हसल्या.

निघताना त्यांनी लसींची वही दिली आणि दोन पानांचा एक इंग्रजी छापील कागद. कुत्र्याला काय द्यायचं नाही, त्याची चित्रं आणि प्रत्येक चित्रावर लाल फुली. "हा भिंतीला लावा," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही औषधांतल्या आहात, तुम्हाला जास्त सांगायला नको."

पिल्लाचं नाव इथे लिहीत नाही. ते अजून माझ्या तोंडावर येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून मी जेवणाच्या टेबलाशी बसले. आबा चौथी शिकलेले, इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरात मराठी यादी. ते समोर बसून मेथी निवडत होते. पिल्लू त्यांच्या पायावर झोपलेलं. मी लिहिलं: चॉकलेट. कांदा. लसूण. चहा. साखर-गूळ. शिजवलेली हाडं. सातवं चित्र होतं द्राक्षाचा घड. खाली लिहिलं होतं, द्राक्षं आणि मनुका, एकसुद्धा नको, मूत्रपिंड निकामी होतं.

माझं पेन तिथं थांबलं. ते का थांबलं, हे सांगायला मागे जावं लागेल. लग्नानंतरचा पहिला हंगाम. मळ्यात पाहुणे बसले होते, मध्ये द्राक्षांची परात. मी घड हातात घेतला आणि शहाणपणा केला, म्हटलं, मिठाच्या पाण्यात धुऊन घेऊ या, फवारणी असते. आबा उठले, बागेत गेले आणि त्या दिवशी जेवायला आले नाहीत. जाऊबाईंनी मात्र माझं वाक्य लोणच्यासारखं मुरवून ठेवलं. पुढे प्रत्येक हंगामात पेटी उघडली की त्या ते वाढायच्या. "हिला नका देऊ बाई, हिला आपल्या मळ्यातलं चालत नाही."

आता त्याच माणसाच्या समोर बसून, त्याने जन्मभर जे पिकवलं ते विष आहे असं मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावायचं? मी स्वतःला पटवलं. हंगामाला सहा महिने आहेत. मळ्यातली कुत्री वेलाखाली पडलेले मणी खातात, त्यांना कुठे काय होतं? वेळ आली की तोंडी सांगेन. पटवून घ्यायचं ठरवलं की माणसाला कारणांची ददात पडत नाही.

"झालं का?" आबांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं. कागद फ्रिजवर लावला आणि इंग्रजी पानं लसींच्या वहीत घालून खणात टाकली.

त्या यादीचं आबांनी जे केलं ते पाहून मला लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा कौतुकच वाटलं. सकाळी चष्मा लावून, अक्षरांवर बोट ठेवून ते ती वाचायचे. शेजारीण चॉकलेटचं बिस्किट घेऊन आली तर तिला फ्रिजपाशी नेऊन उभी करायचे. "वाचा. मंग द्या." त्यांना भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा लागतो, पन्नास वर्षांची सवय. एकदा कांद्याची पाकळी खाली पडली आणि कुत्र्याने तोंड पुढे केलं. दुसऱ्या दिवसापासून आबांनी कांदा बंद केला. मी म्हटलं, तुम्ही खा, आम्ही लक्ष ठेवू. ते म्हणाले, "नको. लिव्हलंय ना तू."

हातांनाही काम मिळालं. द्राक्षाची विरळणी करताना घडातले नको ते मणी काढायची एक लहान टोकदार कात्री असते. ती त्यांनी मळ्यातून मागवली. घडातल्या चांगल्या मण्याला धक्का न लावता शेजारचा मणी काढणारा हात तो, केसांतली गाठ सोडवताना कुत्र्याला कळायचंसुद्धा नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळ्यांचे कोपरे पुसायचे. कपाळावरचे केस डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून रबर बांधायचे, माझ्याकडून रबर मागून घ्यायचे. रस्ता तापायच्या आत दोघे फिरून यायचे. आबांची साखर उतरली. आमच्या घरात त्या माणसाचा आवाज पहिल्यांदा मोकळा ऐकू यायला लागला, तोही कुत्र्याशी बोलताना. नवरा म्हणायचा, "माझ्याशी एवढं कधी बोलले नाहीत."

फेब्रुवारीत दीर आणि जाऊबाई पेटी घेऊन आले. आमच्या सासरी पहिल्या तोडणीची एक रीत आहे. पहिला घड देवापुढे. दुसरा दावणीला, म्हणजे बैल, गाय, राखणीचं कुत्रं, ज्याला जेवढे मणी वाट्याला येतील तेवढे. त्यानंतर माणसांनी खायचं. आधी कोणी मणी तोंडात टाकलेला आबांना चालत नाही.

देव्हाऱ्यात घड ठेवून ते बाहेर आले. हातात दुसरा घड होता. घरात दावण नव्हती, एकच मुकं जनावर होतं आणि ते शेपूट हलवत उभं होतं. आबा थांबले. फ्रिजपाशी गेले, चष्मा लावला, यादीवरून बोट फिरवलं. मग मला विचारलं, "साखर-गूळ लिव्हलंय. म्हंजी साखर अन् गूळच ना? ह्ये चालंल?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. जाऊबाई सोफ्यावर पदर सावरून बसल्या होत्या आणि त्यांच्या ओठांवर ते जुनं वाक्य तयार होतं. मला ते दिसत होतं. एक शब्द बोलायचा होता. दुकानात मी तो दिवसातून पन्नास वेळा बोलते.

"हो," मी म्हटलं. "थोडी द्या."

थोडी. अजूनही मला या शब्दाची शिसारी येते. एका मण्याचीही मुभा नाही हे वाचलेलं असून मी मापात पाप केलं आणि वर स्वतःला सावध समजले. आबांनी एक-एक मणी पुसून त्याच्यापुढे ठेवला. पाहुणे उठेपर्यंत दहा-बारा झाले असतील. मी स्वयंपाकघरात चहा ओतत होते आणि मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीच्या दाराशी उलटी पडली होती. त्यात सालं होती, हिरवी, पातळ. मी ती कागदाने उचलली, फरशी पुसली आणि कामावर गेले. आलं ते बाहेर पडलं, असं म्हटलं. दुकानात त्या दिवशी एका बाईला मी दहा मिनिटं समजावत होते की मुलाच्या अंगावर पुरळ आलंय तर वाट बघू नका, आत्ता जा. ती गेली. घरी मी फोनसुद्धा केला नाही, कारण फोन केला असता तर कशामुळे हे सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी घरी आले तर कुत्रा आबांच्या मांडीवर पडून होता. "खात नाय," आबा म्हणाले. "उन्हाचं असंल." पुढच्या दिवशी पाणी पिईना, आणि लघवी जवळजवळ थांबली, तेव्हा आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "द्राक्षं खाल्ली का? मनुका?"

"व्हय," आबा चटकन म्हणाले, जणू चांगलंच काही खाऊ घातलं होतं. "घरची हायेत."

डॉक्टरांनी मान खाली घातली. खाल्ल्याबरोबर आणलं असतं तर उलटी करवून काढता आलं असतं, म्हणाले. आपल्या जिल्ह्यात हंगामात असे येतातच, लोकांना माहीत नसतं. लोकांना माहीत नसतं, हे मी मान हलवून ऐकून घेतलं. सलाइन तीन दिवस चाललं. आबा सकाळी जायचे ते दवाखाना बंद होईपर्यंत बाकावर बसायचे, कात्री आणि कंगवा खिशात ठेवून. चौथ्या दिवशी दुपारी तो गेला. त्याच्या पायाला सलाइनची चिकटपट्टी होती. ती काढताना केस उपटतील म्हणून आबांनी आधी भोवतालचे केस कात्रीने सोडवले.

घरी आल्यावर नवऱ्याने तोंड सोडलं. माझा नवरा वाईट माणूस नाही, पण दुःख झालं की त्याला समोर कोणीतरी आरोपी लागतो. "शिकलेल्या माणसांत राहताय ना तुम्ही आबा? मळ्यातली अक्कल इथे चालत नाही. तुम्ही मारलंत त्याला."

आबा फ्रिजपाशी गेले. चष्मा लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे शब्द बोट ठेवून वाचले, पुन्हा वाचले. मग वळून म्हणाले, "ह्यात नाय."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात अजून कुत्र्याचा पट्टा होता. "इंग्रजी कागदात होतं का ते मला आठवत नाही," मी म्हणाले.

माझ्या आयुष्यात मी बरीच खोटी वाक्यं बोलले असेन, पण याच्याइतकं नीच दुसरं नाही. आठवत नाही! मला त्या चित्रातल्या घडाचे मणीसुद्धा मोजून सांगता आले असते. नवरा पायात चपला घालून बाहेर निघून गेला. आबांनी यादी काढली नाही. ती आणखी पंधरा दिवस तिथंच होती आणि मी रोज दूध काढताना तिच्याकडे पाठ करायची.

मग खालच्या मजल्यावर कोणीतरी पिल्लू आणलं. आबा म्हणाले, कंगवा, पट्टा, वाटी त्यांना देऊन टाकू. मी दुकानात होते तेव्हा त्यांनी खण उघडला. संध्याकाळी आले तर ते टेबलाशी बसलेले, समोर इंग्रजी पान उलगडलेलं. नवऱ्याची दुसरी शिफ्ट होती. घरात आम्ही दोघंच.

"ह्यो द्राक्षाचा घड हाय ना?" त्यांनी चित्रावर बोट ठेवलं.

"हो."

"अन् ही फुली?"

"चालत नाही म्हणून."

"तुला माहीत व्हतं."

"हो, आबा."

"मंग लिव्हलं का नाय?"

मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "अन् आता बरं वाटतंय व्हय मला?"

त्यांचे पाय धरावेत असं मला वाटलं, पण तेही दिसण्यासाठीच केल्यासारखं झालं असतं. त्यांनी कागद घडी करून वहीत ठेवला, फ्रिजवरची यादी चारही कोपरे उचलून अलगद काढली आणि तीही त्याच वहीत ठेवली. डाग राहिले.

त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, दिरांना नाही. गावाकडे आजही म्हणतात, आबांनी कुत्रं मारलं. जाऊबाई ते हसून सांगतात, हौसेने आणलं अन् द्राक्षं खाऊन मेलं. आबा ऐकून घेतात. मीही ऐकून घेते. नवऱ्याला मी अजून खरं सांगितलेलं नाही, हे इथे लिहिते आहे तरीही. कांदा त्यांनी पुन्हा सुरू केला नाही. मी एकदा फोडून ताटात ठेवला, तो त्यांनी बाजूला सारला. माझ्याशी ते पूर्वीसारखेच वागतात, गोळ्या माझ्या हातून घेतात, येताना भाजी आणू का विचारतात. मला वाटलं, विसरले असतील. माणूस स्वतःला किती सवलत देतं.

या वर्षी फेब्रुवारीत पुन्हा पेटी आली. आबांची साखर परत चढलेली आहे, फिरणं बंद झाल्यापासून उतरलीच नाही. दीर, जाऊबाई, नवरा, सगळे बसलेले. देवापुढे घड ठेवून आबा बाहेर आले, पेटीतून दुसरा काढला. पायाशी शेपूट हलवणारं कोणी नव्हतं. घड हातात धरून ते माझ्याकडे वळले.

"मला चालतील का गं?"

जाऊबाईंनी मान वर केली. आबा थांबून राहिले, उत्तर मिळेपर्यंत ते हलणार नव्हते.

"नाही, आबा," मी म्हटलं. "एकही मणी नको."

"घ्या," जाऊबाई म्हणाल्या, "हिला अजून आपल्या मळ्यातलं चालत नाही."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. घड पेटीत ठेवला, वरचा कागद नीट झाकला.

"सांगितलं तर ऐकतो मी," ते मला म्हणाले, आणि हात धुवायला मोरीकडे गेले.